अकरा महिन्यांचे घर

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत, एका तीन मजली जुन्या इमारतीखाली स्कूटर लावून एक जोडपे एजंटाची वाट पाहत उभे होते. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. कोल्हापूरहून पुण्यात येऊन दोन महिने झाले होते आणि ते दोन्ही महिने त्यांनी चुलत दिराच्या हॉलमध्ये गादी घालून काढले होते. दीर-जाऊ चांगली माणसे. कोणी एका शब्दाने काही बोलले नव्हते. पण सकाळी स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज आठवड्यागणिक वाढत चालला होता, आणि तो कशाचा आहे हे सुनेला न सांगता कळत होते.

त्या दिवशीचे हे तिसरे घर. पहिले 'वन बीएचके' म्हणून दाखवले गेले, प्रत्यक्षात ते वन रूम किचनच होते. हॉलच्या मध्ये प्लायवूड ठोकून मालकाने बेडरूम काढली होती. दुसरे आवडले. पण मालकांनी दारातच आडनाव विचारले, मग गाव, मग मासे-मटण खाता का, आणि शेवटी हसून 'कळवतो' म्हणाले. ते कधीच कळले नाही.

तिसऱ्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. राहायला दोन गल्ल्या पलीकडे. हा फ्लॅट मुलासाठी घेतलेला. मुलगा परदेशी स्थायिक झाला, फ्लॅट राहिला. त्यांनी आडनाव विचारले नाही, खाण्यापिण्याचेही विचारले नाही. मुलीच्या हातात बिस्किट दिले, जोडप्याला खुर्च्या दिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "मुदत संपली की सोडाल ना?"

नवऱ्याला हा प्रश्न जरा लागला. आपण काय घर बळकावायला आलो आहोत का? पण काकूंच्या प्रश्नामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास होता, आणि भाड्याने घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो थोडा तरी माहीत करून घ्यावा असा आहे.

दाराच्या दोन्ही बाजूंची भीती

मुंबई इलाख्यात १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला. महायुद्धानंतर शहरांत माणसे लोटत होती, जागा मिळत नव्हती, मालक मागतील ते भाडे द्यावे लागत होते. भाडेकरूला संरक्षण देणे गरजेचेच होते. पण या कायद्याने भाडे बांधून दिले ते सप्टेंबर १९४० च्या पातळीवर, आणि ते तिथेच गोठले. भाडेकरूंच्या दोन-दोन पिढ्या त्याच भाड्यात राहिल्या. मालकाला त्या भाड्यात जिन्यातला दिवाही बदलणे परवडेना. चाळी ढासळत गेल्या, पागडीचा व्यवहार फोफावला, आणि भाडेकरू व मालक यांच्यातले दावे बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागले.

यातून मालकांनी एक वाट शोधली. भाडेकरू ठेवायचाच नाही. 'परवानगीने राहणारा' ठेवायचा. यालाच आपण 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतो. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो जो कोणी चालू परवान्यावर राहत होता, तो त्या दिवसापासून कायद्याने संरक्षित भाडेकरू ठरला. रात्री परवानाधारक म्हणून झोपलेला माणूस सकाळी भाडेकरू होऊन उठला. हजारो कुटुंबांना त्यामुळे डोक्यावरचे छप्पर मिळाले, हे खरेच. पण ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती त्यांनी यातून धडा घेतला तो असा, की रिकाम्या फ्लॅटला कुलूप लावून ठेवलेले बरे. काकूंच्या वडिलांच्या पिढीतला प्रत्येक मध्यमवर्गीय माणूस असा एक तरी किस्सा सांगायचा, आणि ते किस्से ऐकतच काकू मोठ्या झाल्या.

ही भीती किती खोल रुजली आहे ते २०११ च्या जनगणनेत दिसते. देशाच्या शहरी भागात त्या वेळी सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती. ही सगळीच काही भीतीपोटी बंद नव्हती. काही गुंतवणूक म्हणून घेतलेली, काही गैरसोयीच्या ठिकाणची. पण एकीकडे ही कुलपे आणि दुसरीकडे दिराच्या हॉलमध्ये गादी घालणारी जोडपी, असे चित्र एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत दिसते.

आज महाराष्ट्रात लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने काकूंच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी देऊन टाकले आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर मालक नेहमीच्या दिवाणी दाव्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवून धरली तितक्या दिवसांसाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मात्र यासाठी हातात कागद पाहिजे. तोही साधा नव्हे, नोंदणी केलेला.

अकराच का?

भाड्याचा करार म्हटला की अकरा महिने, हे इतके अंगवळणी पडले आहे की बारा महिने म्हटले तर एजंटच चमकतो. याचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली. नोंदणीचा खर्च आणि खेटे वाचवायचे तर मुदत वर्षाच्या आत ठेवायची, म्हणून अकरा. बहुतेक राज्यांत आजही याच युक्तीवर काम चालते. शंभर-दोनशेच्या मुद्रांकावर करार टाइप करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा, झाले.

महाराष्ट्रात मात्र असे चालत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांना हे ठाऊक नसते. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार इथे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय कागद नसेल आणि वाद निर्माण झाला, तर अटी काय होत्या याबाबत राहणारा सांगेल ते खरे धरले जाते. उलट सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. 'नोटरी करून टाकू, उगाच खर्च कशाला' म्हणणारा मालक खरे तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो.

म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी निघालेले अकरा महिने, नोंदणी सक्तीची झाल्यावरही तसेच राहिले! सवय, दुसरे काय. वास्तविक दोन वर्षांचा, तीन वर्षांचा करार करायला कोणतीच अडचण नाही; साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्काचा दरही तोच. ज्यांचे मूल शाळेत जायच्या वयाचे आहे त्यांनी तर हे आवर्जून बोलावे. शाळेच्या प्रवेशाला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलणाऱ्या आईबापांची त्यात फार धावपळ होते.

खर्चाचे म्हणाल तर तो लोक समजतात तेवढा नाही. समजा, भाडे महिना १८,००० आणि अनामत तीन महिन्यांची, म्हणजे ५४,०००. अकरा महिन्यांचे भाडे झाले १,९८,०००. त्यात अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज मिळवायचे. अकरा महिन्यांचे ते ४,९५० होते. एकूण २,०२,९५० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी एक हजार. वरती ऑनलाइन दस्तासाठीचे किरकोळ शुल्क आणि करार करून देणाऱ्याची मजुरी. निबंधकाच्या कार्यालयात रांग लावण्याचेही कारण उरलेले नाही. एक मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार बसतात, चहा होतो, करार होतो.

खरा खर्च दुसरीकडेच असतो. पहिल्या महिन्याचे भाडे, तीन महिन्यांची अनामत, एजंटाची एक महिन्याची दलाली, करार, टेम्पो आणि हमाली... वरच्याच उदाहरणात ही बेरीज लाखाच्या घरात जाते. घरात पाऊल टाकण्याआधीच. कोल्हापूरच्या या जोडप्याने त्यासाठी एक मुदत ठेव मोडली. बायकोच्या नावची होती ती.

नळ सोडून पाहा

घर पाहायला गेलेली माणसे साधारणपणे भिंतींचा रंग पाहतात, खिडकीतून काय दिसते ते पाहतात आणि बाहेर येतात. सासूबाई बरोबर असल्या तर देवघर कुठे बसेल तेही ठरते. पण साडेचारशे-पाचशे चौरस फुटांच्या घरात वर्ष काढायचे तर पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एका भेटीत दिसत नाहीत.

पहिले म्हणजे पाणी. महापालिकेचे पाणी किती वाजता येते, किती वेळ असते, वरच्या मजल्यावर चढते की टाकीतूनच येते, आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, लागला तर त्याचे पैसे कोण देते? मालकाला विचारले तर 'पाण्याचा काही प्रश्न नाही' हे ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी जिन्यात भेटलेल्या शेजारणीला विचारावे. तिला खोटे बोलण्याचे कारण नसते. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकाच वेळी सोडून पाहावा. धार बारीक झाली की पुढच्या वर्षभरातल्या सकाळी कशा जातील ते कळते.

मग ओल. नुकताच रंग दिलेले घर पाहून हुरळून जाऊ नये. न्हाणीघराला लागून असलेली बेडरूमची भिंत आणि पावसाच्या बाजूची, म्हणजे पश्चिमेची भिंत तळहाताने चाचपावी. पुण्यात पाऊस त्याच बाजूने झोडपतो. न्हाणीघराच्या छतावर पिवळे डाग असतील तर वरच्या मजल्यावरची गळती तुमच्याकडे येते आहे, आणि ती थांबवण्यासाठी वरच्या घरमालकाच्या विनवण्या तुम्हालाच कराव्या लागणार आहेत. वरच्या मजल्यावरचे घर असेल तर दुपारी तीन वाजता एकदा जाऊन पाहावे. एप्रिलमध्ये स्लॅब तापते ती रात्री बारापर्यंत निवत नाही.

महावितरणचे मागचे बिल मागून घ्यावे. त्यावरून तीन गोष्टी कळतात: मीटर कोणाच्या नावावर आहे, थकबाकी आहे का, आणि आधीचा भाडेकरू किती दिवसांपूर्वी गेला. आधीच्या भाडेकरूने घर का सोडले हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर देताना मालकाचा चेहरा पाहावा.

कोथरूडसारख्या भागात आणखी एक प्रश्न अगदी आवश्यक झाला आहे, आणि बहुतेक जण तो विचारत नाहीत. सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे का? या उपनगरातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. सभासदांची वये वाढली, जिने चढवेनात. बिल्डर जादा जागा आणि लिफ्ट देऊ करतो. सभेत ठराव झाला असेल तर करार अकरा महिन्यांचा असला तरी घर कदाचित सातच महिन्यांचे. दुसरी गंमत अशी, की पाडलेल्या इमारतींतले मालक त्याच भागात भाड्याने घर शोधतात. मुलांच्या शाळा, मंडई, डॉक्टर सोडून त्यांना लांब जायचे नसते. बिल्डर भाड्याचे पैसे देत असतो. कालचे मालक आजचे भाडेकरू होतात आणि रांगेत तुमच्या पुढे उभे राहतात. त्यात वनाजपासून मेट्रो सुरू झाली; पुणे स्टेशनजवळ नोकरी करणाऱ्या या सुनेनेही कोथरूडच हवे म्हणून हट्ट धरला होता तो त्यामुळेच. भाडी वाढली तर नवल नाही.

घर दाखवणारा माणूस खरोखर मालक आहे की नाही, हे पाहायला संकोच वाटतो. वाटू देऊ नये. इंडेक्स टूची प्रत, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र किंवा मेंटेनन्सची पावती, यांतले काहीतरी मागावे, आणि नाव ओळखपत्राशी जुळवावे. मुंबईच्या उपनगरांत 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार चालतो. मोठी रक्कम एकदम द्यायची आणि भाडे नाममात्र किंवा काहीच नाही. ऐकायला सोयीचे. पण मालकाकडून साध्या भाड्याने घेतलेली जागा परस्पर तिसऱ्याला हेवी डिपॉझिटवर देऊन पैसे घेऊन पसार झालेल्यांच्या बातम्या वारंवार येतात. तीच गत फोनवरून होणाऱ्या व्यवहाराची. सैन्यातला अधिकारी असल्याचे सांगायचे, बदली झाली म्हणून घर स्वस्तात देतो म्हणायचे, फोटो पाठवायचे, आणि घर पाहण्याआधी 'टोकन' मागायचे. घर न पाहता एक रुपयाही देऊ नये.

न बोललेले प्रश्न

दारात विचारले जाणारे आडनाव हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. जाहिरातीत 'फक्त शाकाहारी', 'फक्त कुटुंबासाठी' असे लिहिलेले असते, ते निदान उघड तरी असते. बाकीचे दारात ठरते. मुसलमान कुटुंबाला, दलित आडनावाच्या माणसाला, एकट्या मुलाला, आणि सर्वांत जास्त एकट्या बाईला, घर 'नुकतेच गेलेले' असते. तिशी ओलांडलेली, घटस्फोट झालेली, नीट नोकरी करणारी बाई घर शोधायला निघते तेव्हा तिला भावाला बरोबर न्यावे लागते. पगार तिचा, अनामत तिची, बोलणी मात्र भावाशी. 'रात्री किती वाजता येता?' हा प्रश्न एकट्या पुरुषाला सहसा कोणी विचारत नाही.

आपले घर कोणाला द्यायचे हा मालकाचा अधिकार आहे, हे म्हणणे बरोबरच. पण पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती देऊन, नोकरीचे पत्र पाहून, आधीच्या मालकाला एक फोन करून माणूस जितका कळतो, तितका आडनावावरून कळत नाही. चांगला पगार असलेली आणि वेळेवर भाडे देणारी बाई नाकारून, 'आपल्यातला' म्हणून ठेवलेला भाडेकरू तीन महिन्यांचे भाडे थकवून गेल्याचे किस्से सोसायट्यांच्या सभांत हवे तेवढे ऐकायला मिळतात.

सोसायटीचाही यात वाटा असतो. भाडेकरू ठेवला की सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेतले जाते. २००१ च्या सरकारी आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. काही ठिकाणी मात्र भाडेकरूकडून लिफ्टचे, पार्किंगचे, 'शिफ्टिंग'चे म्हणून वेगळे पैसे काढले जातात, आणि ते कोण देणार हे करारात नसेल तर भांडण ठरलेले.

परगावी गेलात तर

मराठी कुटुंबे आता नोकरीनिमित्त बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला सहज जातात, आणि पुण्या-मुंबईचा अनुभव तिथे जसाच्या तसा कामी येत नाही. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत मागण्याची जुनी रीत आहे. ऐकून धाप लागते. घासाघीस मात्र होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांना पाठवला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेऊ नये, आणि मालकाने घरात यायचे असेल तर चोवीस तास आधी कळवावे असे म्हटले आहे. कल्पना उत्तम, पण राज्याने आपला कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही. त्यामुळे 'नवा कायदा आला आहे' असे सांगून कोणी मालकाशी वाद घालत असेल, तर आधी त्या राज्याचे काय ते पाहावे.

शेवटच्या दिवसाचे भांडण

भाड्याच्या घराचे बहुतेक तंटे पहिल्या दिवशी नव्हे, शेवटच्या दिवशी होतात, आणि ते अनामत रकमेवरून होतात. रंगाचे दहा हजार, खिळ्यांची भोके, गिझर बिघडला, सिंक तुंबले, पंख्याचा आवाज येतो. मालक कापत जातो. भाडेकरू म्हणतो, हे आम्ही आलो तेव्हाच असे होते. दोघेही बहुधा आपापल्या परीने खरे बोलत असतात. कारण अकरा महिन्यांपूर्वी भिंत कशी होती ते दोघांनाही आठवत नसते.

डहाणूकर कॉलनीतल्या काकू शाळेत होत्या तेव्हा प्रगतिपुस्तके लिहायच्या. तीच सवय इथे कामी आली. किल्ली देण्याआधी त्यांनी शंभर पानी वहीचे एक पान घेतले आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं, खोलीखोलीतून फिरू. जे दिसेल ते लिही." पंखे तीन, एकाचा वेग कमी. हॉलच्या भिंतीवर खिळे चार. ओट्याच्या कडेचा टवका उडालेला. बेसिनचा नळ नवा. बाल्कनीच्या दाराची कडी सैल. सुनेने प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो काढला आणि तिथेच काकूंना पाठवला. खाली दोघींनी सह्या केल्या. मग करारात चार ओळी वाढवून घेतल्या: छोटी दुरुस्ती राहणाऱ्याने, नळाच्या आतल्या पाइपची आणि विजेच्या वायरिंगची मालकाने, रंगाचे पैसे कापायचे नाहीत, दोन वर्षे राहिले तर निम्मे, सोडायचे तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, अनामत किल्ली हाती पडल्याच्या दिवशी बँकेतून. भाडेही दरमहा बँकेतूनच द्यायचे ठरले. घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची तर पावती लागते, आणि वर्षाचे भाडे लाखाच्या वर गेले की मालकाचा पॅन क्रमांकही. तो देताना काकू जरा थबकल्या, पण दिला.

एजंटाला हे सगळे फार झाले होते. "साहेब, घरच्यासारखे लोक आहेत, कशाला एवढं लिहिताय?" असे तो दोनदा म्हणाला.

जोडपे त्या घरात बावीस महिने राहिले. अकरा महिन्यांनी करार पुन्हा केला, भाडे पाच टक्क्यांनी वाढले. एजंटाने नूतनीकरणाची म्हणून अर्धी दलाली मागितली; काकूंनीच त्याला वाटेला लावले. मुलगी बालवाडीत जाऊ लागली. शेजारणीशी वाटीभर साखरेचे येणे-जाणे सुरू झाले. आणि तिसरा करार करायची वेळ आली तेव्हा काकू घरी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची स्वतःची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. तीन वर्षे तरी लागणार. या वयात दुसऱ्याच्या घरात, दर वर्षी किती भाडे वाढेल याची काळजी करत राहण्यापेक्षा त्यांना आपल्याच फ्लॅटमध्ये यायचे होते.

नवऱ्याने कॅलेंडर पाहिले. शाळेचे वर्ष संपायला दोन महिने होते. मुदत तीन आठवड्यांत संपत होती. बायको स्वयंपाकघरात गेली ती लवकर बाहेर आली नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे तिची. दोन महिन्यांचा वेगळा करार करू. तोवर मी भाचीकडे राहीन."

घर सोडण्याच्या दिवशी वहीचे ते पान आणि जुने फोटो घेऊन तिघे पुन्हा खोलीखोलीतून फिरले. खिळे चारचे सात झाले होते. बेसिनचा नळ नवरोबांनी घाईत आवळताना तोडला होता. त्याचे साडेचारशे आणि ठरल्याप्रमाणे रंगाचे निम्मे पैसे वजा झाले. बाकीची अनामत तिथल्या तिथे खात्यात जमा झाली. सगळे वीस मिनिटांत आटोपले.

नवे घर मयूर कॉलनीच्या बाजूला पाहून ठेवले होते. तिथल्या मालकांना आधीच्या मालकाशी बोलायचे होते, म्हणून काकूंनी आपल्या फोनवरून स्वतःच नंबर लावला. पलीकडून आवाज आला, नमस्कार-चमत्कार झाले. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं होती माझ्याकडे. भाडं कधी एक दिवस उशिरा आलं नाही."

पलीकडच्या गृहस्थांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक आहे हो. पण मुदत संपली की सोडली का जागा?"

काकूंनी समोरच्या रिकाम्या हॉलकडे पाहिले. दारात शेवटचे खोके टेम्पोत चढत होते. "सोडली," त्या म्हणाल्या.